समजाअण्णांची पिकअप

आमचे श्यामराव अण्णा बहुतेक वाक्यं 'समजा'नं सुरू करतात, आणि त्या समजाच्या पुढे कधी काही चांगलं आलेलं मी ऐकलेलं नाही. चारचौघं म्हणतात, समजा, लॉटरी लागली. अण्णा म्हणतात, "समजा, ह्यो फॅन आत्ता निसटला." म्हणतात आणि खुर्ची भिंतीकडे सरकवतात. उचगावात त्यांचं फरशीचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माझं झेरॉक्सचं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी उठता-बसता मनातल्या मनात मरतो आणि परत कामाला लागतो.

भित्र्या माणसानं फरशी-ग्रॅनाइटच्या धंद्यात पडू नये. पण अण्णा पडले. उभ्या लावलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्या त्यांनी मारक्या बैलासारख्या दोरखंडानं बांधून ठेवल्यात. गिऱ्हाईक हात फिरवून बघायला पुढे झालं की अण्णा मागून म्हणणार, "पावणं, जरा लांबनं बघा. समजा, पायावर आली." गिऱ्हाईक पाय मागे घेतं. काही गिऱ्हाइकं अशी मागे मागे जात थेट समोरच्या दुकानात पोहोचतात.

घरी ते एकटेच. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कुकरची शिट्टी सोसत नाही म्हणून भात पातेल्यात शिजवतात, आणि तो शिजेपर्यंत सिलिंडरवर नजर ठेवून दारात उभे राहतात. पळायचं झालं तर दार जवळ असावं.

एवढ्या सगळ्या भीतीत अण्णा एकाच ठिकाणी निवांत असायचे, ते म्हणजे यूसुफभाईंच्या तीनचाकी टेंपोत. यूसुफभाई दुकानाचा माल पोचवायचे. अण्णा प्रत्येक खेपेला त्यांच्या शेजारी अर्ध्या सीटवर दाटीवाटीनं बसून जायचे. खरं तर मालक सोबत जायची काही गरज नसायची. रस्ताभर यांचं चालूच.

"यूसुफ, समजा, ती म्हस आडवी आली."

"आली तर तिला आधी जाऊ देऊ की."

"समजा, ती मधीच बसली."

"मग आपुन बी बसू. घाई काय हाय?"

एवढं ऐकलं की अण्णा पुढच्या वळणापर्यंत गप्प. दुनियेत दुसरं कुणी त्यांना असं गप्प करू शकत नसे.

मग त्या टेंपोचं पासिंग होईना. वय झालं होतं त्याचं. शेवटी तो भंगारात गेला आणि यूसुफभाई घरी बसले. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, तो म्हणत होता, अब्बा, आता इकडं या. इकडे अण्णांचा माल अडून राहू लागला. लोक स्वतःची गाडी आणून फरशी नेत आणि पुढच्या वेळी जिथे घरपोच मिळेल तिथे जात. एक दिवस अण्णा माझ्या काउंटरशी आले.

"दिलीप, एक बारकी पिकअप घ्यावी म्हंतोय. तू चल संगं. समजा, फसवलं."

पहिल्या शोरूममध्ये सेल्समननं मायलेज सांगितलं, हौद्याची लांबी सांगितली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उलटी झाल्यावर दार कुठल्या बाजूनं उघडायचं?" सेल्समननं चहा मागवला आणि तो स्वतः जो आत गेला तो बाहेर आलाच नाही. 

दुसऱ्या ठिकाणी अण्णांनी निराळंच काही चालवलं. केबिनच्या पायरीवर पाय ठेवून चढायचे, उतरायचे, परत चढायचे. आणि चढताना गुडघा धरून, तोंड वाकडं करून. मी घाबरलो. अण्णांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. स्टिअरिंग हातात घेऊन ते गरागरा फिरवत आणि उजवा खांदा चोळत बसले. "जड हाय," म्हणाले आणि उतरले. गाडी चालवायला येत नसलेल्या माणसाला स्टिअरिंग जड लागून काय उपयोग, हे मी विचारलं नाही. भीतीला रोज नवी फांदी फुटते, एवढीच मी समजूत करून घेतली.

तिसऱ्या शोरूममध्ये स्नेहल नावाची मुलगी होती. कागलची. गाडी दाखवणारी तीच आणि चालवून दाखवणारीही तीच. हे कळल्यावर अण्णा माझ्या बाहीला धरून दोन पावलं मागे सरकले. पण ती कंटाळणारी नव्हती.

"समजा, टायर फुटला."

"स्टेपनी आहे की."

"समजा, स्टेपनी बी फुटली."

"मग मला फोन करा. मी येते."

अण्णांना यापुढचं समजा सुचेना. ते पायरीवर चढले, उतरले. स्टिअरिंग फिरवून बघितलं, खांदा चोळला नाही. मग म्हणाले, "माल भरून जोतिबाचा घाट चढवून दावशीला?" तिनं साहेबांना विचारलं आणि हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावातून फरशीची खोकी आणि ग्रॅनाइटच्या दोन लाद्या भरून आम्ही निघालो. स्टिअरिंगवर स्नेहल, मधे मी, डाव्या दाराशी अण्णा. दाराच्या वरचं हँडल त्यांनी दोन्ही हातांनी धरलेलं. केर्लीच्या फाट्यापर्यंत ते समजा म्हणत होते. घाट लागला तसे ते नुसतेच ओठ हलवायला लागले. गाडी मात्र सरळ वर चढली. वर अण्णा देवळात आले नाहीत, गाडीपाशीच थांबून त्यांनी शिखराला हात जोडले. गाडी एकटी सोडवत नव्हती म्हणे.

उतरताना स्नेहलनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली होती आणि ती सावकाश येत होती. तिची काहीही चूक नव्हती, हे मी आजही कुणालाही सांगेन. एका वळणावर समोरून बस आली ती अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून. स्नेहलनं ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे दाबली. मागे दोर सुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ लाद्या धाडकन एका अंगाला सरकल्या. ते वजन आम्हाला ओढत घेऊन गेलं. डांबर संपलं. मागचं डावं चाक कडेच्या मातीवर गेलं आणि माती खचली.

गाडी थांबली, पण तिरकी. बस निघून गेली, तिच्या ड्रायव्हरला बहुधा कळलंही नाही. अण्णांच्या खिडकीतून रस्ता दिसत नव्हता. झाडांचे शेंडे दिसत होते, आणि त्यांच्या खाली, फार खाली, शेतं. इंजिन बंद पडलेलं. खालून मातीचे बारके खडे घरंगळत जाताना ऐकू येत होते. एक थांबला की दुसरा.

"कुणी हलू नका," स्नेहल म्हणाली. हँडब्रेक ओढून ती तिच्या बाजूनं उतरली, दगड शोधून चाकांना लावले. मग मला हात दिला. मी सीटवरून सरकत गेलो. मी उतरलो तशी गाडी किंचित करकरली. आता आत फक्त अण्णा होते आणि ते दरीच्या बाजूला होते.

"अण्णा, इकडं सरका."

अण्णांचे डोळे मिटलेले. हँडलवरची बोटं पांढरी पडलेली.

"अण्णा, हात सोडा."

"सुटत न्हायती."

मी पुन्हा आत गेलो. याला धाडस म्हणू नका. बाहेर उभं राहून ते बघवत नव्हतं, एवढंच. मी सीटवर आडवा झालो आणि त्यांचं एकेक बोट सोडवायला लागलो. एक सोडवलं की आधीचं परत मिटायचं.

"दिलीप," ते डोळे मिटूनच म्हणाले, "ह्यात यूसुफला कसं बशिवणार मी?"

"यूसुफभाईंना?"

"त्याच्या गुडघ्यात दम ऱ्हायला न्हाय. म्हणून पायरी बघत हुतो. खांदा बी धरलाय त्येचा. हितं असं झालं तर त्याला उतरायला बी यायचं न्हाय."

मला क्षणभर दरीचा विसर पडला. हा माणूस इतके दिवस शोरूममध्ये दुसऱ्याच्या गुडघ्यानं पायऱ्या चढत होता.

"मग यूसुफभाई येतो म्हणाले काय?"

"अजून इचारलं कुठं?"

ते बोलत होते तेवढ्यात शेवटचं बोट सुटलं. मी त्यांना काखेत धरून ओढलं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर रस्त्यात येऊन पडलो. वरून एक जीप येत होती, दर्शन करून उतरणारी माणसं, डोक्यापासून पायापर्यंत गुलालात रंगलेली. त्यांनी काही विचारलं नाही. आधी खोकी आणि लाद्या उतरवून घेतल्या, मग जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणत गाडी रस्त्यावर ढकलली. जाताना ती माणसं आमच्या तिघांच्या खांद्यावर गुलालाचे हात उमटवून गेली.

स्नेहल कठड्यावर बसून पाणी पीत होती. "अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही दुसरीकडं गाडी बघा. मला वाईट वाटणार नाही."

अण्णा त्या पिकअपभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "बाकीच्या गाड्या पडतील का न्हाय, कुणाला म्हाईत? ही पडली न्हाय, ते मी आत बसून बघितलंय. हीच देशील."

पिकअप आली. पेढे वाटले. आणि त्यानंतर ती दुकानासमोर ताडपत्रीखाली नुसती उभी राहिली. ड्रायव्हर चौकशीला येत. अण्णांना एकही पसंत पडेना. एकाचे डोळे लाल होते, एक फार हसत होता, एक अजिबातच हसत नव्हता. माल तसाच पडून. माझ्या दुकानात येणारी माणसंही विचारायला लागली, अण्णांनी गाडी काय पुजायला घेतली का म्हणून.

"अण्णा, यूसुफभाईंना विचारून टाका की," मी एकदा न राहवून म्हणालो.

"भ्या वाटतंय."

"त्यात भ्यायचं काय? फार तर नाही म्हणतील."

"व्हय. आणि पुण्याला जाईल." ते गुडघ्यावरचं धोतर उगीच सारखं करत राहिले. "घरात मी कुणासंगं बोलत न्हाय, दिलीप. कोण हाय बोलायला? जे काय बोलायचं ते त्या टेंपोत बोलून व्हायचं. तो न्हाय म्हणाला की मग..."

वाक्य तिथेच राहिलं. फॅन, सिलिंडर, लाद्या, सगळ्यांबद्दल त्यांची वाक्यं पुरी व्हायची. हे एकच राहिलं. घाटात त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून बघितला होता, पण तेव्हाही तो असा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता मी यूसुफभाईंच्या घरी जायला निघालो. फार जावं लागलं नाही. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाचा गाडा आहे. त्याच्या आडोशाला यूसुफभाई उभे होते. हातात रसाचा ग्लास, तसाच भरलेला, आणि नजर आमच्या दुकानाकडे. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे दचकले.

"इथं काय करताय भाई?"

"काय न्हाय. रस पितोय."

मी ग्लासाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"रोज येऊन जातोय," मग ते हळू म्हणाले. "लोकांनी सांगितलं, अण्णांनी गाडी घेतली. म्हटलं, कुणीतरी तरणा ड्रायव्हर बघितला असंल. माझ्यासारख्याला कोण घेतंय आता? हितनं ताडपत्री दिसती. ताडपत्री दिसली की वाटतं, आज बी कोण बसलं न्हाय. मग घरी जातो."

"आणि आत येऊन विचारायचं नाही?"

"न्हाय म्हणालं म्हंजे?"

मी त्यांचा ग्लास गाड्यावर ठेवला आणि दंडाला धरून त्यांना घेऊन आलो.

अण्णा खुर्चीतून उठले, पण पुढे आले नाहीत. यूसुफभाईही पायरीशीच थांबले. दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू बोलायचं काम माझ्याकडे होतं. शेवटी यूसुफभाई वळले, पिकअपकडे गेले आणि ताडपत्रीची एक बाजू सोडायला लागले. दुसरी बाजू सोडायला अण्णा गेले. गाठ त्यांनीच मारलेली होती, तिला वेळ लागला.

यूसुफभाईंनी दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि हात न टेकता वर चढले. सीटवर बसून त्यांनी खाली पायरीकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णा फिरून पलीकडे गेले आणि शेजारी बसले. दार ओढून घेतलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, बाथरूमची फरशी बघायला. "मालक कुठायत?" मला विचारलं.

मी पिकअपच्या काचेतून बघितलं. गाडी चालू केलेली नव्हती. यूसुफभाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत होते, आणि अण्णा हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होते, न थांबता, इतक्या दिवसांचं साठलेलं.

"बाहेर गेलेत," मी म्हणालो. "जरा वेळानं या."