ताक, शेवगा आणि साळिंदराची भिंत

बाळांनो, चुळबूळ बंद. एका जंगलात गोंदाजी नावाचं साळिंदर राहत होतं. बायको तानूबाई आणि एकुलती एक मुलगी. मुलीचं नाव रेशमा. हसायचं नाही. आईबापांना आपलं लेकरू मऊच वाटतं.

रेशमाला बघायला रविवारी पाहुणे यायचे होते. आधीच्या दोन स्थळांनी बिळाच्या कळकट भिंती पाहिल्या आणि "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. म्हणून गोंदाजीनं रंगारी सरड्याला बोलावलं.

सरड्यानं दोन रंग अंगावर आणून दाखवले. "हा ताकाचा. आणि हा शेवग्याच्या फुलाचा."

गोंदाजीला दोन्ही पांढरेच दिसले. पण तसं बोलायची सोय नव्हती.

"तू म्हणशील तो," तो बायकोला म्हणाला.

"छे, तुम्ही म्हणाल तो."

गोंदाजी ठेच लागून शहाणा झालेला होता. बिळाचं तोंड कुठे ठेवायचं ते एकदा त्यानं ठरवलं होतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी आत शिरे, आणि पाण्याच्या आधी तो विषय निघे.

त्यानं सरड्याला विचारलं. सरड्यानं दोघांकडे पाहून मान डोलावली, अर्धी भिंत ताकाची केली, अर्धी शेवग्याची, आणि तो जेवायला निघून गेला.

रविवारी पाहुणे ओढ्यापाशी दिसले.

"आता तरी बोला!" तानूबाई म्हणाली.

"बरं. ताक."

"वाटलंच मला! बिळाचं तोंडही असंच ठरवलंत!"

झालं. दोघांचे काटे उभे राहिले. दोघं तणतणत गरागरा फिरली आणि भिंतभर ओरखडे उठले. एवढ्यात पाहुणे दारात. रेशमा रडायचीच काय ती बाकी होती.

वरमाई भिंतीपुढे उभी राहिली.

"अगंबाई! ही नक्षी कोणाच्या हातची?"

"घरचीच आहे," गोंदाजी म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

लग्न ठरलं. वरमाईची अट एकच. तिच्या भिंतीवरही अश्शीच नक्षी हवी, नाहीतर दुसरी मुलगी बघू.

नवराबायको तिच्या बिळात गेली. पण लेकीचं जमल्यानं दोघं इतकी खुशीत होती की काटे काही केल्या उठेनात. वरमाईच्या कपाळाला आठी पडली.

गोंदाजीनं लेकीचा चेहरा आठवला, डोळे मिटले आणि तो म्हणाला, "खरं सांगू? बिळाचं तोंड मी योग्यच ठरवलं होतं."

भिंत घटकाभरात तयार झाली.

तात्पर्य: घरातलं जुनं भांडण कधी मिटवू नये. पोरीच्या लग्नात उपयोगी पडतं.