एमसी जिताडा

आमच्या गोडाऊनचं गेट यमक जुळल्याशिवाय उघडत नाही.

मानकोलीच्या या गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचला नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं. शेअर रिक्षातून उतरले तर गेटसमोर एक भलामोठा कंटेनर उभा. त्याच्या पुढ्यात पांढऱ्या मिशांचा, खाकी शर्टातला एक माणूस गेटच्या पाइपावर काठीने ठेका धरून ड्रायव्हरला सुनावत होता:

"एमएच झिरो चार,
माल भरला फार,
हॉरन जर वाजवलास
तं उबा ऱ्हा भाएर!"

मला वाटलं, आता ड्रायव्हर शिव्या घालणार. तर तो आझमगडचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि त्याच ठेक्यावर म्हणाला, "चाचा, भूखा हूँ, प्यासा हूँ, सुबह से लाइन में फँसा हूँ!"

काठीवाल्याने डोळे मिटून, वाटीतलं कालवण चाखावं तसं ते चाखलं. "प्यासा... फँसा... चालंल. सोर रं त्याला!"

गेट उघडलं. मी आत जाऊ की परत रिक्षात बसू, याचा विचार करत तिथेच उभी राहिले.

हे आमचे सिक्युरिटी सुपरवायझर, कमलाकर भोईर. गोडाऊनच्या मागे असलेल्या आगरी गावातले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या बोलण्यात ळ चा ल होतो, ण चा न होतो आणि ड चा बऱ्याचदा र. झाड म्हणजे झार, खाडी म्हणजे खारी. एकदा हे समजलं की मग काही अडत नाही. ड्रायव्हरांचंही अडलं नाही. ते आता येतानाच दोन ओळी जुळवून आणतात. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की जुळवाजुळवीला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे ज्या दिवशी ट्रॅफिक जास्त त्या दिवशी गेटवर काव्याचा दर्जा चांगला. एकदा एका तमिळ ड्रायव्हरने त्याच्या भाषेत काहीतरी दणदणीत म्हटलं. मामांना शब्दही कळला नाही. पण मान डोलावून म्हणाले, "यमक हाय. सोर."

ड्युटी संपली की मामा खाकी टोपी काढून कोनाड्यात ठेवतात आणि पिशवीतून लाल टोपी काढून उलटी घालतात. त्या क्षणापासून ते रॅपर, एमसी जिताडा. जिताडा हा आमच्या खाडीतला मासा, आगऱ्यांच्या जेवणातला राजा. मामा अर्थातच 'जितारा' म्हणतात. रॅप करणाऱ्याच्या गळ्यात सोन्याची जाड साखळी लागते असं म्हणतात. आगरी माणसाकडे ती आधीपासूनच असते. टोपी तेवढी नवीन घ्यावी लागली.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे कुठून लागलं, याचं मला फार कुतूहल होतं. एकदा डबा खाताना विचारलंच.

"भांडान सोरवायला गेलो, ताई, न् अरकलो," मामा म्हणाले.

झालं असं की मामा काही कामाने धामणकर नाक्यावर गेले होते. तिथे एका बंद दुकानासमोर पोरांनी गोल कडं केलं होतं आणि मधे दोघं एकमेकांच्या तोंडासमोर बोटं नाचवत तावातावाने काहीतरी बोलत होते. मामांमधला सिक्युरिटी सुपरवायझर जागा झाला. कडं फोडून ते आत घुसले, दोघांच्या कॉलरी धरल्या आणि ओरडले, "लाज न्हाय वाटत? बाजारात भांडतां!"

पोरं हसून हसून खाली बसली. त्यातला आसिफ नावाचा एक उंच पोरगा म्हणाला, "मामू, लढाई नाही. बॅटल आहे. रॅपची. हा मला नावं ठेवणार, मी याला ठेवणार. जो चांगली ठेवेल तो जिंकणार."

"मारामारी न्हाय?"

"नाही."

"मंग मी पन बोलू?"

मामांनी तिथल्या तिथे आसिफच्या फाटक्या जीन्सवर चार ओळी केल्या. आसिफ हरला. त्याने मामांना एकच गुरुमंत्र दिला, "मामू, पहले बीट पकडो, फिर बोलो." तो मामांनी आयुष्याला लावून घेतला. गोडाऊनमध्ये कुणी घाईघाईने तक्रार घेऊन आलं की मामा काठी आपटतात. "आदी बीट पकर. मंग बोल." निम्मी तक्रार तिथेच विरते.

एमसी जिताडाची गाणी म्हणजे सगळी खाडीची गाणी. खाडीकाठची तिवरं कापली त्याचं गाणं, भराव टाकला त्याचं गाणं, कापड रंगवणारे डाईंगवाले रंगीत पाणी नाल्यात सोडतात त्याचं गाणं. "सकाली लाल, दुपारी हिरवा, होली झाली, आता रंग जिरवा!" गाण्यावर भागलं असतं तर ठीक. पण मामा वागतातही तसेच. खोक्यांना गुंडाळायची ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म वाऱ्याने मागच्या नाल्याकडे उडाली की मामा काठी टाकून तिच्यामागे पळतात. या वयात, त्या पोटासकट. गेटवर त्यांनी स्टीलचे ग्लास टांगलेत. प्लॅस्टिकच्या कपात चहा घेणाऱ्याला आत प्रवेश नाही. ड्रायव्हरांच्या गुटख्याच्या पुड्या एका पिंपात जमा होतात. एकदा माझ्या डब्याभोवतीची प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी दोन बोटांत उंदीर धरावा तशी उचलली.

"खारीत जातं ते माशाच्या पोटात जातं. माशाच्या पोटातलं कुनाच्या पोटात जातं?"

"मी मासे खात नाही, मामा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मंग तुमाला कसं समजवायचं?" आणि खरोखरच चिंतेत पडले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कापडी पिशवी आली. त्यांच्या सुनेने शिवलेली, वर मासा.

गोडाऊनची मागची भिंत नाल्याकडे तोंड करून उभी आहे. लांबच लांब, कळकट. पर्यावरण दिन साजरा करायचं ठरलं तेव्हा आमच्या मॅनेजर दळवीसाहेबांनी फ्लेक्सचा बॅनर सांगितला होता. मामा म्हणाले, "साहेब, प्लॅस्टिक वापरू नका, ह्ये प्लॅस्टिकवर लिवनार?" साहेब हसले, म्हणाले, मग तुम्हीच काय ते करा.

मामांनी आसिफला बोलावलं. आसिफच्या घरी पूर्वी कापड विणायचे लूम होते. आता तो दुकानांचे बोर्ड आणि शटर रंगवतो. त्याने दोन दोस्त आणले, उरलेसुरले रंग आणले आणि भिंतीवर जिताडा काढायला घेतला. मामा बाजूला खुर्ची टाकून, "मोठा कर. आनखी मोठा," म्हणत बसले. होता होता मासा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. खवले आसिफने मोकळे ठेवले होते. त्या प्रत्येक खवल्यात एकेका ड्रायव्हरने आपली ओळ लिहिली. हिंदी, पंजाबी, तमिळ. आझमगडवाल्याने आपली 'भूखा-प्यासा' लिहिली आणि तिच्यासोबत फोटो काढून घरी पाठवला. आम्ही ऑफिसातल्या बायकाही जेवणानंतर तिकडेच फिरायला जाऊ लागलो. त्या नाल्याकडे माणसं आपणहून जातात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग एका शनिवारी सकाळी दळवीसाहेब गेटवर आले. जरा अवघडले होते. "भोईर, सोमवारी हेड ऑफिसचे लोक येतायत. भिंती सगळ्या एका रंगात पाहिजेत म्हणतात. मी सांगून पाहिलं."

आम्ही सगळे कान टवकारून उभे. आता मामा काठी उचलणार, आता ठेका धरणार, दळवीसाहेबांवर चार ओळी होणार.

"बरं साहेब," मामा म्हणाले.

एवढंच. दुपारपर्यंत मासा करड्या रंगाखाली गेला. त्या दिवशी ड्रायव्हर ओळी म्हणत होते आणि मामा न ऐकताच गेट उघडत होते. एकाने मला विचारलं, "मॅडम, चाचा की तबीयत ठीक है ना?"

सोमवारी पाहुणे आले, पुढच्या केबिनमध्ये चहा पिऊन पुढूनच गेले. मागे कुणी फिरकलंही नाही. मामाही आले नव्हते. मला काही राहवेना. संध्याकाळी सुटल्यावर गोडाऊनला वळसा घालून त्यांच्या गावात गेले.

घर नवं, टाइल्स लावलेलं. ओटीवर एक म्हातारी वाल सोलत बसली होती आणि पायरीवर मामा. डोक्यावर टोपी नाही, खाकीही नाही, लालही नाही. मला पाहून ते चटकन उठले आणि अंगणाच्या कडेला घेऊन गेले.

"माजी आयस," ते हळू आवाजात म्हणाले. "धवलारीन. आदी लग्नातली गानी, धवले, गायची. समोरच्या वऱ्हाडाला उबं ऱ्हाऊ द्यायची न्हाय, आशी जुलवायची. तिच्याबिगर इथं लगीन लागत नव्हतं."

"आता नाही गात?"

त्यांनी गोडाऊनच्या दिशेने हनुवटी वळवली. "ती जागा आमचं शेत, ताई. मागची भिंत हाय ना, तितं ती भाताच्या लावनीला उबी ऱ्हायची. शेत गेलं तशी गायची थांबली. मंग बोलायची पन थांबली. जेव म्हनलं का जेवते, नीज म्हनलं का निजते. त्या वाटेला पाय ठेवला न्हाय कवा. पन भिंतीवर जितारा रंगवला म्हनून सांगितलं, तं आपसूक बोलली, मना ऐतवारी नेशील का?"

आणि शनिवारीच भिंतीवर करडा रंग चढला होता.

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, वल्ला हाय अजून. सुकू दे." मामा दुसरीकडे बघायला लागले. "आता किती दिस सुकवू?"

 मी म्हटलं, "मामा, तुम्ही गेटवर हे जे सगळं करता, ते आईंकडून आलं होय?"

"आलं न्हाय. तिच्यासाटी करतो. दिसभर गेटवर जुलवतो, संध्याकाली तिला ऐकवतो. बरोबर बोललो तं गप बसते. चुकलो का बोलते. म्हनून रोज एक शबुद चुकवतो. मना ठावं असतो, तरी चुकवतो."

आम्ही परत ओटीवर गेलो. मामा आईच्या पायाशी बसले आणि पायरीवर बोटांनी हलकेच ठेका धरला. ट्रकसमोरचा तो आवाज नव्हता. अगदी खालचा, घरातला आवाज होता.

"भिंतीवर पवला जितारा मोठा,
पोटाला त्याचे चांदीचा गोटा,
डोला लाल न् कल्ला काला,
बघाया त्याला ट्रक आला."

म्हातारीने मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. मी काहीतरी बोलायला गेले तर मामांनी मला बोटाने थांबवलं. दुसरी शेंग. तिसरी.

"ट्रक कशाला?" ती म्हणाली. आवाज खरबरीत होता, पण सूर पक्का. "गाव आला, म्हन. बघाया त्याला गाव आला."

"गाव आला," मामा म्हणाले.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिचे हात थांबले. ती गोडाऊनच्या पत्र्यांकडे बघत होती, आणि नवी ओळ तिने एकटीनेच, लांबवून, गायली.

"न् माजा पाय चिखलात ऱ्हायला..."

मामांनी पुढची ओळ जुळवली नाही. आईचे दोन्ही पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले आणि चेपत बसले.