मधी बोलायचं न्हाई

आजारी म्हाताऱ्याच्या घरात किसनतात्या शिरले, की आधी घरच्यांचीच पाचावर धारण बसते. तात्या "कसं काय हाय?" एवढं विचारतात, मोबाइल चालू करून उशाशी ठेवतात आणि म्हणतात, "तुमच्या आज्याचं नाव सांगा. मधी कुणी बोलायचं न्हाई." एक आजोबा तर त्यांना दारात बघून रडायलाच लागले. "मला एवढं झालंय व्हय?" साधा खोकला होता.

तात्या माझे शेजारी, निवृत्त कंडक्टर. देवणीकडच्या आमच्या खोऱ्यातले घराघरातले कागद आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी जपायच्या, हे खूळ त्यांनी निवृत्तीनंतर घेतलं. निजामाच्या काळातला उर्दू कागद मिळाला की स्वारी खूश. पण जुनी लग्नपत्रिका, फाटकं रेशनकार्ड, यालाही ते नाही म्हणत नाहीत. एकानं चेष्टेनं फ्रिजचं गॅरंटी कार्ड दिलं. तेही लोखंडी पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात गेलं.

"हसा," तात्या म्हणाले. "उद्या तुमचा नातू इचारील, घरात पयला फ्रिज कवा आला. मंग?"

म्हाताऱ्यांना ते घरीही बोलवत. ओसरीवर बाज, मधे मोबाइल, आणि गोष्ट रंगात आली की आतून त्यांच्या बायकोचा, गंगाकाकूंचा आवाज यायचा.

"चहा निवायलाय!"

"अगं, चालू हाय ना! मधी बोलू नको!"

"मी कुठं बोलायले? पाव्हण्याला साखर चालती का, तेवढं इचारते."

हे सगळं मोबाइलमध्ये जायचं. एकदा दुष्काळाची गोष्ट सांगताना एक आजी पदरानं डोळे पुसू लागली आणि नेमकं तेव्हाच काकूंनी दूधवाल्याशी भांडण काढलं. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

मग ते मोबाइलवर काटछाट शिकले. उतारवयात माणूस नवीन काही शिकला की त्याला आवरणं कठीण. काकूंचा आवाज जिथं सापडेल तिथून त्यांनी कापून काढला. "आता कसं साफ झालं, ऐका मास्तर," ते मला म्हणाले. साफ झालं होतं खरं.

काकू आतून म्हणायच्या, "काढा, काढा. मी कोण मोठी लागून गेले!" आणि हसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. त्यांचे दिवस झाल्यावर तात्या माझ्याकडे आले आणि मोबाइल पुढे केला.

"मास्तर, कापलेलं परत येतंय का बघा."

मला जमेना, म्हणून उदगीरला दुकानात घेऊन गेलो. तिथंही काही हाती लागलं नाही. अख्ख्या खोऱ्याचे आवाज तात्यांकडे आहेत, काकूंचा तेवढा नाही. मला त्यांचा राग आला होता. पण परतताना बसमध्ये ते मोबाइल छातीशी धरून बसले होते, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

काही महिन्यांनी तात्या पुन्हा हिंडू लागले. परवा मीही सोबत गेलो. एक आजोबा आपल्या बापानं बाजारातून आणलेल्या बैलाची गोष्ट सांगत होते. आत त्यांची म्हातारी भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "तांबडा न्हवता, बांडा व्हता."

"आत्या, गप बसा," सून घाईनं म्हणाली. "तिकडं चालू हाय."

तात्या उठले. मोबाइल उचलून त्यांनी चुलीपाशी नेऊन ठेवला.

"गप कशाला?" ते म्हणाले. "बोला माय. मधी बोला."