एकच डोळा आलाय

शिवणवाल्या काकूंचा पारा त्या दिवशी चहाच्या आधीच चढला होता, आणि त्याला कारण झाली होती काकांच्या भांगात सापडलेली एक हिरवी चमकी.

"काल पोस्टात माझ्या खिडकीवर एक बाई तिकिटं घेता घेता माझ्याकडे बघून हसत होत्या," काका आरशासमोर उभे राहून म्हणाले. "मला वाटलं, ओळखीच्या असतील. मीपण हसलो. घरी आल्यावर कळलं, दिवसभर भांगात चमकी लावून बसलो होतो. अगं, जरा झाडत जा ना ती खोली."

"नाचाच्या क्लासचे फ्रॉक शिवतेय मी. चमक्या आपल्या घरात नाही पडणार तर काय शेजाऱ्यांच्या घरात पडणार? आणि परक्या बायकांकडे बघून हसायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

चमकीचा विषय इतक्या लांब जाईल असं काकांना वाटलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं मोर्चा मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीकडे वळवला. टोपलीत गुंडी बसली होती. गुंडी म्हणजे त्यांची पाच महिन्यांची काळी मांजर. शर्टाच्या गुंड्यांसारखे गोल डोळे म्हणून काकूंनीच तिचं हे नाव ठेवलं होतं.

"बघ, आजपण मला डोळा मारतेय," काका म्हणाले.

हा कार्यक्रम परवापासून चालला होता. गुंडी डावा डोळा मिटायची आणि काका खूश व्हायचे. त्यांनी तिचा व्हिडिओ काढून, त्याला एक प्रेमाचं गाणं लावून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. नणंदेनं त्यावर ओळभर लाल बदाम पाठवले होते. काकू मात्र फ्रॉकच्या झालरीत मान खाली घालून बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना फक्त काकांचं खिदळणं ऐकू आलं होतं.

आज त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि गुंडीला मांडीवर घेतलं. डोळ्यातून पाणी गळत होतं. गालावरचे केस चिकटले होते, कोपऱ्यात पिवळी घाण साठली होती आणि आतल्या बाजूनं एक गुलाबी पडदा निम्म्या डोळ्यावर आला होता. खिडकीतला उजेड लागताच तिनं तोंड फिरवलं आणि ती पंजानं डोळा चोळायला लागली. घाबरल्या की काकू रडत नसत, चिडत असत.

"ही डोळा मारत नाहीये. हिचा डोळा दुखतोय. दोन दिवस हे लेकरू दुखण्यानं डोळा मिटतंय आणि तुम्ही त्याला गाणी लावताय?"

"मला काय माहीत? मला वाटलं, मला बघून तिला आनंद होतोय."

"तुम्हाला बघून आनंद व्हायला तिला काय खूळ लागलंय?"

काका ओशाळले आणि ओशाळलेला माणूस करतो तसं काहीतरी करायला धावले. कपाटातून त्यांनी एक बाटली शोधून आणली. "माझे डोळे आले होते ना, तेव्हाचे थेंब. निम्मे शिल्लक आहेत."

"माणसाचं औषध मांजराला? तेही शिळं? उद्या तिला तुमचा चष्मा लावाल." काकूंनी बाटली हिसकावून केराच्या डब्यात टाकली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. काकांचं आलेल्या डोळ्यांचं पुराण कानात ताजंच होतं, तेच तोंडून गेलं. "आमच्या पिल्लाचे डोळे आलेत."

"अरे वा," फोनवरची मुलगी म्हणाली. "कधी आले?"

"परवा. आणि वा काय म्हणता?"

"दोन्ही आले का?"

"नाही. एकच डोळा आलाय. डावा."

"मग दुसराही येईल, ताई. एखाद्याचा एक आधी येतो, एक मागून येतो. घाई करू नका."

काकूंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "म्हणजे मी दुसऱ्याची वाट बघत बसू?"

"हो. फक्त हातानं ओढून उघडू नका. आईचं दूध पितंय ना नीट?"

"कोणाच्या आईचं?"

"पिल्लाच्या."

आता कुठे काकूंच्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ आग पडली. "अहो बाई, तिचे डोळे उघडून महिने झाले. ती कपाटावर चढते. माझी रिळं पळवते. तिचा डोळा आजारी आहे, कळलं का? आम्ही निघालोय. डॉक्टरांना सांगा, आणि मध्ये कोणी येऊ नका."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुंडीला टेबलावर घेतलं तेव्हा काकूंचा पट्टा चालूच होता. मांजराला गाण्यावर नाचवणारा नवरा, डोळे आल्याबद्दल अभिनंदन करणारी ती मुलगी, बदाम पाठवणारी नणंद, कोणालाच त्यांनी सोडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "नक्की कधीपासून?" काकांनी व्हिडिओ दाखवला. तपासणीच्या खोलीत प्रेमाचं गाणं वाजलं. कोणी हसलं नाही. काकांना ते गाणं बंद करायचं बटण काही सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळा दिवा धरला आणि बराच वेळ वाकून पाहिलं. "डोळ्यावर ओरखडा आहे. पापणीच्या आत काहीतरी अडकलंय. ते घासतंय. डोळ्यात घरचं काही घातलंत का?"

"हे घालणार होते. मी घालू दिलं नाही."

"बरं केलंत. काही थेंबांनी असा ओरखडा चिघळतो. अजून दोन-चार दिवस काढले असते तर डोळा हातचा गेला असता."

गुंडी एका डोळ्यानं त्यांच्याकडेच बघत होती आणि ते त्यांना बघवेना. मग त्या पुन्हा चिडल्या, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. "कोणी केलं हे? तो खालच्या मजल्यावरचा बोका असणार. त्याच्या मालकिणीला मी आज सोडत नाही. रस्त्यात उभी करून विचारते, तुमच्या निष्काळजीपणापायी दुसऱ्याच्या लेकराचा..."

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. त्यावर चमकीचा एक तुटका तुकडा होता. हिरवा.

काकांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या संसारात अशी संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. त्यांनी गुंडीकडे पाहिलं, काकूंच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. "थेंब कधी कधी घालायचे, डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर काकूंनी पदर खोचला. चिंध्यांची टोपली गॅलरीत गेली, फ्रॉक गाठोड्यात गेले, मशीन हललं, पलंग हलला. केरसुणी अशी फिरायला लागली की खोलीत धुळीशिवाय काही दिसेना. गुंडी गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून काकांच्या मांडीवर बसली होती. काका गप्प होते. ती शांतता काकूंना टोमण्यापेक्षा जास्त लागत होती.

"बोला ना," त्या शेवटी केरसुणी आपटून म्हणाल्या. "एकदाचं बोलून टाका. माझीच चमकी होती. माझ्यामुळेच झालं. तुम्ही सकाळी सांगितलं होतं झाडायला. बोला."

"मी कुठे काय म्हणतोय?" काका म्हणाले आणि त्यांनी काकूंकडे बघून डोळा मारला.

काकूंचं डोकं सणकलं. "लाज नाही वाटत? ते पोर मरणाच्या दुखण्यातून आलंय, माझा जीव अर्धा झालाय, आणि तुम्हाला डोळे मारायला सुचतंय?"

काकांनी पुन्हा डोळा मारला. या वेळी डोळ्यातून पाण्याचा एक ओघळ गालावर आला.

"अगं, मारत नाहीये," ते कळवळून म्हणाले. "दुखतोय."