रिहे गावात नसलेली रंभाबाई

"जुईली, रंभाबाईंना भेटायला बस निघालीय!" कौस्तुभने संगणकासमोरूनच हाक मारली.

त्याची बायको जुईली कणीक मळत होती. "कुठली बस?"

"बावन्न सिटांची. रविवारी सकाळी आठला कोथरूडहून सुटणार. थेट रिहे."

"मग सुटू दे की. रंभाबाई असेल तर भेटेल त्यांना."

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. रिहे गावात रंभाबाई नव्हती. रिह्यातच काय, कुठेच नव्हती. छप्पन्न वर्षांची, चार सुना नांदवलेली, जगाला शहाणपण शिकवणारी रंभाबाई म्हणजे हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा, एकतीस वर्षांचा, विरळ मिशीचा कौस्तुभच होता.

कौस्तुभ मूळचा वऱ्हाडातल्या मेहकरचा. त्यांच्या घराला ओसरी होती आणि दिवस कलला की तिच्यावर कोणी ना कोणी येऊन टेकायचं. काम नसायचं, निरोप नसायचा. कोणी पाय पसरायचं, कोणी "काय म्हनता" एवढं विचारून तासभर गप्प बसायचं. माय आतूनच ओरडायची, "किती जन हायेत रे?" आणि तेवढा चहा टाकायची. हिंजवडीजवळच्या चांदे गावात घरमालक एकनाथरावांच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन कौस्तुभला तीन वर्षं झाली होती, पण या तीन वर्षांत त्याच्या दाराची घंटा दोघांनीच वाजवली, एक गॅसवाला आणि दुसरा पत्ता चुकलेला कुरिअरवाला. कौस्तुभने त्या कुरिअरवाल्याला इतक्या आग्रहाने चहा विचारला की तो बिचारा घाबरून उलट्या पावली जिना उतरला.

एकदा जिन्यात एकनाथरावांनी विचारलंच, "कौस्तुभराव, तुमच्याकडं पावनं-रावनं कसं कुनी येत न्हाई वो? समद्यांशी भांडान केलंय का?"

एकनाथरावांनी सहज विचारलं होतं, पण कौस्तुभला ते फार लागलं. मेहकरला जावं तर रजा मिळत नव्हती. मायला फोन करावा तर ती "कवा येतं?" म्हणून विचारायची, आणि "बघतो" याखेरीज त्याच्याकडे उत्तर नसायचं. मग फोन हळूहळू दोन मिनिटांवर आला, तोही आठवड्यातून एकदा.

म्हणून २००९च्या पाडव्याला त्याने 'ओसरी' नावाचं संकेतस्थळ काढलं. गावापासून लांब पडलेल्या मराठी माणसांनी तिथे यावं, टेकावं, चार शब्द बोलावे. कंपनीतले मित्र म्हणाले, "कंटेंट दमदार ठेव, पब्लिक आपोआप येतं." कौस्तुभने 'वऱ्हाडातील लोकजीवन : एक दृष्टिक्षेप' हा लेख तीन भागांत लिहिला. महिन्याने पानाच्या तळाशी भेटींचा आकडा एक्केचाळीस दिसला. त्यातल्या अडतीस वेळा तो स्वतःच डोकावला होता, दोनदा जुईलीचं बोट चुकून पडलं होतं. उरला एक. तो कोण असेल, कुठे राहत असेल, याचा कौस्तुभ आठवडाभर मायेने विचार करत होता.

मग दुसऱ्या एका मित्राने अक्कल दिली, "रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही. आधी आपलीच चार माणसं बसवावी लागतात." कौस्तुभने बसवली. चारही तोच. चौघांनी आपापसात गप्पा मारल्या, पुरणपोळीबरोबर दूध की तूप यावरून त्यांची जुंपली आणि वाद असा विकोपाला गेला की मिटवायला कोणी वडीलधारं माणूस हवं झालं. अशी रंभाबाई जन्माला आली. तिचं गाव कुठलं लिहावं? मागच्या रविवारी तो मोटारसायकलवरून रिह्याकडे गेला होता, ते खोरं त्याला आवडलं होतं. 'मु. पो. रिहे, ता. मुळशी' असं त्याने ठोकून दिलं. बघायला कोण जातंय!

आणि काय नवल, माणसं यायला लागली. ह्यूस्टनहून वेदांत नावाच्या मुलाने लिहिलं, "इथे माझी आठवण काढणारं कोणी नाही." रंभाबाईने उत्तर दिलं, "लेकरा, तुझी माय रोज एक भाकर तुझ्या नावाची टोपल्यात ठेवत आसंल. तू तितं एक पोळी तिच्या नावाची ठेव." ते उत्तर ई-मेलवरून इतकं फिरलं की एका आठवड्यात दोनशे जण ओसरीवर आले, दिवाळीपर्यंत साडेसहाशे. लोकजीवनावरचा लेख कोणी उघडूनही पाहिला नाही. सगळ्यांना एकच हवं होतं, रंभाबाईने आपल्याला 'लेकरा' म्हणावं. कौस्तुभ कचेरीतून आला की एकेकाला पानभर उत्तर लिही. त्या साडेसहाशे माणसांत बसून त्याला फार बरं वाटायचं. फक्त संगणक बंद केला की घर आधीपेक्षाही शांत वाटायचं, आणि ते तो कोणाला सांगत नसे.

आता या ओसरीवर बंडोपंत होते. निवृत्त मुख्याध्यापक, उत्साह दांडगा. त्यांनी कोणाला न विचारता स्नेहमेळावा जाहीर करून टाकला होता. वर तळटीप, 'रंभाबाईंना आधी कळवू नये. ती माउली उगाच स्वयंपाकाला लागेल.'

"खरं सांगून टाक सगळ्यांना," जुईली म्हणाली.

"सांगितलं तर एक माणूस उरणार नाही."

"आत्ता तरी कुठे आहे एक?"

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. कौस्तुभने संगणक बंद केला. तो उठून खाली एकनाथरावांकडे गेला.

एकनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसून घेतलं आणि मग म्हणाले, "आवो, बाई न्हाई तर बाई उभी करू. रिह्यात माझ्या भनीच्या वावरात लिलाबाई कामाला येती, वरच्या वाडीवरली. बोलाया कुनाच्या बाला ऐकायची न्हाई."

दोघे गेले तेव्हा लिलाबाई पेंढा रचत होती. कौस्तुभने आपली अडचण मांडली.

"म्हंजी त्या बाईच्या नावानं म्या बसायचं?"

"हो. लोक आपलं दुःख सांगतील. तुम्ही दोन शब्द बोलायचे."

"आन ती बाई कुटं हाय?"

"ती नाहीये."

"मेली?"

"नाही. जन्मलीच नाही."

लिलाबाईने एकनाथरावांकडे पाहिलं. "ह्यांला बरं हाय न्हवं?"

"कंपनीत हायेत," एकनाथराव म्हणाले. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

पैशाचं विचारलं तर ती फणकारली, "दुसऱ्याचं रडगानं ऐकायला पैसं? ते तर म्या फुकाट ऐकती रोज." कौस्तुभने तिला रंभाबाईची गाजलेली उत्तरं वाचून दाखवायला घेतली. तिसऱ्या उत्तराला लिलाबाईला डुलकी लागली.

रविवारी बस तासभर उशिराच आली. सत्तेचाळीस माणसं, गळ्यात कॅमेरे, पुढे 'ओसरी परिवार' असा कापडी फलक. लिलाबाई एकनाथरावांच्या बहिणीच्या अंगणात घोंगडीवर बसली होती. बायका तिच्या पाया पडल्या, तशी ती "आगं, पाया काय पडताय, सरका तिकडं, उन येतंय" म्हणाली. सगळे गहिवरले. हिंजवडीचा एक मुलगा म्हणाला, "रंभाबाई, परदेशी जायची संधी आलीय. जाऊ की नको?"

"तितं भात पिकतोय?"

"नाही बहुतेक."

"मंग खानार काय? आन जायाचं आसंल तर जा की. मला काय इचारतुस? तुज्या आयला इचार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या कौस्तुभच्या जिवात जीव आला. निभावलं असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात सुट्टीवर आलेला ह्यूस्टनचा वेदांत पुढे सरकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"रंभाबाई, तुम्ही सांगितल्यापासून मी रोज एक पोळी आईच्या नावाने बाजूला ठेवतो."

"कशापायी?" लिलाबाईने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना?"

"म्या? न्हाई बाबा. आन मंग तिचं काय करतुस?"

"सकाळी खातो."

"शिळी? आरं, पोट बिगडंल न्हाई का! कुन्या शानीनं सांगितलं रं तुला हे?"

 बंडोपंतांच्या हातातला हार हातातच राहिला. सत्तेचाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. कौस्तुभला कळलं की आता ओसरी मोडली. आठ महिन्यांत जमवलेली सगळी माणसं आता उठून जाणार. निदान खोटं ऐकून जाऊ नयेत म्हणून त्याने कबुली द्यायला तोंड उघडलं.

"तिनं नाही सांगतलं. मी सांगतलं," मागून एक बाई ठसक्यात म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. बसच्या दारातून एक बाई हळूहळू पायऱ्या उतरत होती. डोक्यावरून पदर, खांद्याला कापडी पिशवी, प्रवासाने चेहरा सुकलेला.

"माय?" कौस्तुभच्या तोंडून निघालं.

शारदाबाईंनी लेकाकडे पाहिलंही नाही. त्या सरळ जाऊन लिलाबाईच्या घोंगडीवर टेकल्या. लिलाबाईनेही ओळखपाळख नसताना सरकून जागा दिली.

"पन शिळी खायाची असं नव्हतं सांगतलं मी," शारदाबाई वेदांतला म्हणाल्या. "भाकर यासाठी ठेवाची का लेकरू अवचित आलं त उपाशी राहू नये. नाही आलं त सकाळी गाईले घालाची. हे माह्यं पोरगं अर्धंच आयकते अन् अर्धंच लिवते."

"आता कसं!" लिलाबाई म्हणाली. "गाईला घालायची म्हंजी पटतंय."

कौस्तुभ पुढे झाला. छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "मंडळी, मला क्षमा करा. रंभाबाई कोणी नाही. ती मीच आहे."

"बसा हो खाली," बंडोपंतांनी दटावलं. "मध्येच काय घुसताय? प्रत्येकाचा नंबर येईल."

बायकांनी तोवर घोंगडीला गराडा घातला होता. मग दुपार कशी गेली ते कोणाला कळलं नाही. एकीने सासूचं गाऱ्हाणं सांगितलं की लिलाबाई सुनेला झाडायची आणि शारदाबाई सासूला. आतून एकनाथरावांच्या बहिणीने विचारलं, "किती जन हायती गं?" आणि चहाचं पातेलं चुलीवर चढलं. कौस्तुभने कप फिरवले. जुईली पाण्याच्या घागरी आणत होती आणि मधूनच त्याच्याकडे बघून हसत होती. आपण जी ओसरी पडद्यावर बांधत होतो ती इथे आपली आपण भरलीय आणि तिच्यावर आपल्याला नीट टेकायलाही जागा नाही, हे पाहून त्याला हसू येत होतं.

बस निघाली तेव्हा तो मायजवळ जाऊन बसला.

"येतेस म्हणून कळवलं का नाहीस?"

"कळवलं होतं की. रंभाबाईले."

"कधी?"

"तीनदा लिवलं. मामाची राणी क्लासात शिकते ना कम्पुटर, तिच्या हातून. तिनं तुहं ते पान वाचून दाखवलं त दोन ओळीतच समजलं मले, हे त माह्यंच बोलनं हाय. मंग लिवलं, का बाई, पोरगा दूर हाय, फोनवर दोन मिनिटं बोलते अन् ठेवते, काय करू?" तिने पदराने तोंड पुसलं. "तुनं पानभर उत्तर धाडलं. असं पानभर मले कवाच बोलला नाही तू. म्हनून मंग तिलेच लिवत रायली."

कौस्तुभला ते पत्र आठवलं. मेहकरचं आहे हे त्याने पाहिलंही नव्हतं. पाच मिनिटांत लिहून टाकलं होतं, 'बाई, त्याला इचारत बसू नका, तो काम हाय म्हनंल. पिशवी उचला आन सरळ जाऊन उभ्या ऱ्हावा.' त्या उत्तराला सोळा जणांनी वाहवा दिली होती आणि तो दिवसभर खुशीत होता.

"मंग राणीनं या बशीचं वाचून दाखवलं त पिशवी उचलली," माय म्हणाली. "पन पुढं काय कराचं ते नाही लिवलं तुनं. किती दिवस राहू? उद्या जाऊ का परवा?"

साडेसहाशे माणसांना उत्तरं पुरवणारा कौस्तुभ मायच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.  लिलाबाई पेंढ्याकडे निघाली होती, ती थबकली.

"आरं, बोल की आता," ती म्हणाली. "का हे बी माज्याच नावानं सांगू?"

"राहा," कौस्तुभ कसाबसा म्हणाला. "माय, तू राहा."