सकाळचा ब्लॅकआउट

आमच्या शेजारचे गजभिये काका सकाळी साडेआठला ब्लॅकआउट पाळायचे. बाहेर लख्ख ऊन, वेलिंग्टनजवळच्या आमच्या लोअर हटमधली माणसं ट्रेन पकडायला पळतायत, आणि काकांच्या खिडक्यांना काळी ब्लँकेटं! मला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. धावत गेले, तर अंधारातून आवाज आला, "रुको! कौन है?" माझ्या हातातला पोह्यांचा डबा पडता पडता राहिला.

काका मूळचे भंडाऱ्याचे, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. आता मुलीकडे, सुजाताकडे राहतात. शिस्त अशी, की कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलासुद्धा चकचकीत बूट. 'किया ओरा' हा इथला नमस्कार करतानाही टाचा जुळतात. मी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दिसले की कपाळाला आठ्या. "आर्मीत असं नसते, पोरी."

मध्यंतरी तिकडे सीमेवर तणाव वाढला आणि काही ठिकाणी निवृत्त सैनिकांना पहाऱ्यासाठी बोलावणं गेलं. काकांनी त्याच दिवशी केस बारीक केले, ट्रंक भरली आणि भारतात फोन लावला. पलीकडच्याने वय विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाला, "आप वहीं आराम कीजिए." त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं सुजाता सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून ही ब्लँकेटं. आपल्या सकाळी तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, हे मान्य. पण बॉम्ब काय वेलिंग्टनवर पडणार होते? म्हातारा खुळावला, असं माझं मत झालं. सुजाताचंही.

शेवटी एका सकाळी मला राहवेना, मी सरळ आत घुसले. सुजाता दाराशीच थिजून उभी. काका काळोखात फोन कानाला लावून म्हणत होते, "बलवंत, बोल यार. बलवंत!" पलीकडे काहीच नाही.

सुजाताने कुजबुजत सांगितलं. तिलाही तेव्हाच, दाराशी उभं राहून काकांचं बोलणं ऐकताना, कळलं होतं. बलवंत म्हणजे काकांचा पलटणीतला जोडीदार. त्याला मात्र बोलावणं आलं होतं. जम्मूकडच्या एका वीजकेंद्रावर रात्रभर पहारा, तोही या वयात. त्याला डुलकी लागू नये म्हणून काका रोज त्याच्याशी गप्पा मारत बसायचे. आणि तिकडच्या ब्लॅकआउटमध्ये तो अंधारात असताना आपण उजेडात बसायचं, हे काकांना पटेना. मी हादरलेच. काय काय बोलले होते मी या माणसाबद्दल!

आणि आता तो बलवंत बोलत नव्हता.

काकांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सुजाता रडायला लागली. मग पलीकडून बारीक आवाज यायला लागला. घोरण्याचा!

भीतीने की कशाने, मला हसूच फुटलं. म्हटलं, "अहो काका, ओरडा ना, उठवा त्यांना."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थकला बिचारा. झोपू दे त्याले," ते हळूच म्हणाले. "मी आहो ना जागा."

स्पीकर बंद करून त्यांनी फोन कानाला घट्ट लावला, पाठ ताठ केली, आणि तिकडच्या रात्रीचा कानोसा घेत बसले.