रॉकेट आणि इवायाची अंघोळ

साहेबराव मास्तरांच्या घरी रॉकेट तयार झालं आणि नेमके त्याच दिवशी सासरे मुक्कामाला आले.

साहेबराव जळकोटच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सासरे रामकिशनमामा नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचे. जावयाचा पगार सरकारी आहे हे मामांना मान्य होतं, पण पोरांकडून डोंगर अन् आंबे काढून घेणं याला काम म्हणायचं का, याबद्दल त्यांची खात्री काही होत नव्हती. जावई काय करतात असं कुणी विचारलं की "मास्तर हायेत" एवढंच सांगायचे. कशाचे, ते नाही. देगलूरच्या बाजारात निम्मी बोली तेलुगू. एखादा बैल, एखाद्याची ज्वारी, एखादी भिंत मनापासून आवडली की मामा "बागुंदी" म्हणत, म्हणजे झकास. लग्न झाल्यापासून जावयाच्या वाट्याला हा शब्द एकदाही आला नव्हता. रॉकेट उदगीरच्या शालेय प्रदर्शनात मांडायचं होतं, पण तिथलं बक्षीस हुकलं असतं तरी साहेबरावांना चाललं असतं. त्यांना हा शब्द पाहिजे होता.

आता रॉकेट म्हणाल तर ते खरंच बघण्यासारखं झालं होतं. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं टोक आणि पत्र्याचे पंख. पाऊस नसल्यामुळे त्या साली पोळा कसाबसा उरकला होता, शिंगं रंगवायला कुणाचं मन होईना, म्हणून गावात उरलेला रंग साहेबरावांना मिळाला. पांढऱ्याचा हात द्यायचा, वाळला की पॉलिश कागदानं घासायचा, पुन्हा हात द्यायचा. असं करत करत ते इतकं गुळगुळीत झालं की बघायला येणारी माणसं आपोआप हात मागे बांधून उभी राहायची. मामांनीही एक चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि ते तंबाखू मळायला बसले.

अडलं होतं फक्त नाव. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. हेडमास्तर गुरुलिंगप्पांनी बजावून ठेवलं होतं की रॉकेटवर नव्या जिल्ह्याचं नाव नसलं तर उदगीरच्या प्रदर्शनात मांडायचं नाही. पेंटरकडून लिहून घ्यावं, तर पेंटर कुठे सापडतोय? तो बिचारा गावोगावच्या पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहीत हिंडत होता. आणि गोल नळीवर साहेबरावांचा ब्रश चालेना. 'ल' सरळ यायचा, पण 'जिल्हा' येईपर्यंत सगळं उताराला लागायचं.

मग त्यांनी युक्ती काढली. सपाट कागदाला बाभळीच्या डिंकाचा हात दिला. तो वाळल्यावर वर वार्निश, वार्निशवर तांबड्या रंगात अक्षरं, अक्षरांवर पुन्हा वार्निश. असा कागद पाण्यात भिजवला की डिंक विरघळतो, कागद सुटतो आणि अक्षरं पापुद्र्यासारखी अलगद वेगळी होतात. ती उचलून रॉकेटवर बसवायची. एका कागदावर 'लातूर जिल्हा', दुसऱ्यावर तिरंगा आणि तिसऱ्यावर रॉकेटचा नंबर, '१'. अक्षरं तर अशी उतरली होती की साहेबराव स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्या हातून हे झालं, हे त्यांना खरं वाटेना.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी न्हाणीत एका परातीत पाणी घेऊन त्यांनी तिन्ही कागद भिजत घातले आणि रॉकेट नेण्यासाठी बैलगाडीचं बघायला गेले. चूक झाली ती इथे.

कारण त्या घरात पाण्याला बसून राहायची परवानगी नव्हती. टँकरचा भरवसा नाही. भाजी धुतलेलं पाणी अंघोळीला, अंघोळीचं भांड्यांना, भांड्यांचं शेळीला आणि शेळीनं उष्टं टाकलेलं लिंबाच्या झाडाला, असा साहेबरावांची बायको पंचशीला हिचा कायदा होता. त्यात मामांचा दंडक असा की दुष्काळ असो नाहीतर काही असो, अंघोळीशिवाय चहाला शिवायचं नाही. साहेबरावांची आई कोंडाबाई पेचात पडली. इवाई, म्हणजे व्याही, घरी आलेला, त्याला पारोसं कसं ठेवायचं? घागर तर तळाला गेलेली. तेवढ्यात तिला परात दिसली. डोळ्यांनी अधू बाई, त्यात न्हाणीत अंधार. तिनं पाण्यात हात घातला तर तीन कोरे कागद हाताला लागले. ते तिनं चुलीत टाकले आणि पाणी मामांच्या बादलीत ओतलं.

मामांनी डोक्यावरून तांब्या घेतला, अंग पुसलं, डोक्याला पटका गुंडाळला आणि चहा मागितला.

साहेबराव परत आले तर परात पालथी.

"आई, परातीतलं पाणी?"

"इवायाला दिलं. त्यात कागद पडले व्हते, पर कोरे व्हते बाबा. मी बघितले की."

साहेबराव पालथी परात उचलून बघू लागले. पंचशीलेनं मात्र पदर खोचला आणि पाण्याच्या वाटेनं निघाली. तिरंगा सापडला तो तांब्याच्या बुडाला. तो इतका घट्ट बसला होता की आता तांब्याच उडवावा लागला असता. शेळीनं तिच्या वाटणीच्या पाण्यात तोंड घातलं होतं, तिच्या कपाळावर तांबडा लखलखीत '१' होता आणि ती तोऱ्यात रवंथ करत होती. 'लातूर जिल्हा' काही सापडेना. न्हाणी झाली, बादली झाली, लिंबाचं आळंसुद्धा बोटांनी उकरून झालं. नवीन करावं तर वार्निश वाळायलाच दिवस जाणार.

मामा चहा पीत हे सगळं पाहत होते. "काय हरवलं म्हनं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"जिल्हा," पंचशीला म्हणाली.

"आत्ता तर झालता," मामा म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

रॉकेट मांडीवर घेऊन साहेबराव, मागे पंचशीला आणि मामा, अशी गाडी उदगीरला पोचली. गुरुलिंगप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पण तेवढ्यात लातूरहून आलेले शिक्षणाधिकारी समोर येऊन थांबले. पांढऱ्या शुभ्र रॉकेटवरून त्यांची नजर हलेना. नाव कुठं आहे, असं त्यांनी विचारलंच. हरवलं, असं साहेबरावांनी सांगितलं. अधिकारी म्हणाले, असू द्या, आधी उडवून तर दाखवा.

उदगीरच्या आतषबाजीवाल्यानं भरून दिलेली दारू रॉकेटच्या पोटात होती. मैदानाच्या मधोमध ते उभं केलं. साहेबरावांनी वात पेटवली आणि पळत मागे आले. फुस्स झालं, धूर झाला. आता विझतंय म्हणेपर्यंत ते जमिनीवरून सुटलं. चिंचेच्या वर, किल्ल्याच्या बुरुजाच्या वर, अजून वर. वर्षभर ढगासाठी आभाळाकडे बघून बघून माना दुखलेली माणसं, पण आज बघत होती ती काहीच न मागता. नुसते डोळे वर. साहेबरावांच्या तर डोळ्यांना पाणी आलं. बैलाच्या शिंगाचा रंग लावलेला तो पुठ्ठा उन्हात चांदीसारखा चमकत होता.

मामा सगळ्यांत पुढे उभे होते. मान मागे टाकता टाकता इतकी टाकली गेली की पटका सुटून पाठीमागं पडला. रॉकेट खाली यायला लागलं, तशा माणसांच्या नजराही खाली आल्या आणि मामांच्या टकलावर येऊन थांबल्या. तुळतुळीत टकलाच्या बरोबर मध्यावर, एका ओळीत, तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: लातूर जिल्हा.

पहिल्यांदा हसले ते शिक्षणाधिकारी. मग मैदानच हसायला लागलं. साहेबरावांनी धावत जाऊन पटका उचलला. सासऱ्याची अशी चारचौघांत शोभा, तीही नांदेड जिल्ह्यातल्या माणसाची. आता बागुंदी तर सोडाच, पुन्हा घराचा उंबरा चढतील का नाही, देव जाणे.

"काय झालं? माझ्या डोक्यावं काय हाय?" मामांनी गरजून विचारलं.

पंचशीलेनं बापाचा हात धरला आणि त्याला मांडवात नेलं. तिथं एका शाळेनं समोरासमोर दोन मोठे आरसे मांडले होते, एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे न संपणारे. मामांना मध्ये उभं केलं. त्यांनी मान वाकवली आणि डोळे वर करून पाहिलं. एका टकलामागे दुसरं, त्यामागे तिसरं, अशी दूरवर टकलांची रांग आणि प्रत्येक टकलावर लातूर जिल्हा, कुठं उलटा, कुठं सुलटा. साहेबराव मागे चोरासारखे उभे होते.

"अक्षर कुनाचं हाय?" मामांनी विचारलं.

"माझं, मामा."

मामांनी टकलाकडे हात नेला, पण अक्षरांना लागू दिला नाही.

"बागुंदी," ते म्हणाले.

पंचशीला तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी देगलूरला निघायच्या आधी कोंडाबाईनं कुठून कुठून गोळा करून एक बादली काढली, गाळून, उजेडात नीट निरखून, आणि इवायाला हाक मारली. मामा ओट्यावर बसून पटका बांधत होते, एकेक वेढा हळूच, डोक्याला दाब बसू न देता.

"नगं, ईनबाई," ते म्हणाले. "पानी कुठं वाया घालता? दुष्काळ हाय."